सहा तासांचा हिशेब

[दृश्य: वरळीचा किनारा, भरतीची वेळ]

वरळी आणि वांद्रे. या दोन ठिकाणांहून मुंबईचं सांडपाणी समुद्रतळाखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडतात. वर्षानुवर्षं त्याआधीची प्रक्रिया जुजबीच राहिली: जाळीने कचरा अडवायचा, रेती खाली बसवायची, बस्स. उरलेलं काम समुद्राच्या गळ्यात.

समुद्र ते करतो कसं? बोगद्याच्या टोकाला, तळावर डिफ्यूजर असतो. एका मोठ्या तोंडातून लोंढा सोडण्याऐवजी पाणी अनेक लहान तोंडांतून बाहेर पडतं. सांडपाणी जवळपास गोडंच, घनमीटरला हजार किलो. समुद्राचं पाणी त्याहून पंचवीसेक किलोनी जड. म्हणून सांडपाणी वर उसळतं आणि वर येता येता आजूबाजूचं खारं पाणी ओढून घेत पातळ होतं. पुढे त्याला प्रवाह नेतील तिकडे ते जातं.

[दृश्य: आकडे पडद्यावर उमटतात]

हिशेब करूनच बघू. समजा, १०० मिलिलिटर सांडपाण्यात विष्ठेतले १ कोटी जिवाणू आहेत. वर येईपर्यंत पाणी शंभरपट पातळ झालं, की उरले १ लाख. समुद्रस्नानासाठी आपला निकष आहे १००. म्हणजे अजून हजारपट घट हवी. कडक उन्हात, खाऱ्या पाण्यात दर दोन तासांनी दहातले नऊ जिवाणू मरतात असं धरलं, तर सहा तास लागतील. त्याआधी ते पाणी दादरच्या किंवा जुहूच्या चौपाटीला लागलं, की हिशेब फसला. मुंबईत भरती सुमारे सहा तासांची, ओहोटीही तेवढीच. त्यामुळे सांडपाणी कुठल्या घडीला बाहेर पडलं, यावर बरंच काही ठरतं.

आता जुलै घ्या. आभाळ भरलेलं, पाणी गढूळ, ऊन आत पोचत नाही. जिवाणू मरायला तिप्पट वेळ लागला, तर सहाचे अठरा तास झाले. वर नैऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडेच रेटतो.

हे सगळं संगणकावरच्या मॉडेलमध्ये बसवता येतं: तळाची खोली, भरती-ओहोटी, वारा, ऊन. पण मॉडेल खरं बोलतंय का, हे समुद्रावर जाऊनच ताडावं लागतं. होडीतून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेतात, प्रवाहमापक बुडवून ठेवतात, खारटपणा मोजतात. खारटपणा जिथे अचानक उतरतो, तिथून सांडपाणी गेलेलं असतं. पावसाळ्यात मात्र ही खूणही दगा देते, कारण खाड्या आणि नाल्यांचं गोडं पाणी सगळीकडे पसरलेलं असतं. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद. कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात त्या उगाच नाही. तशा समुद्रात नमुने घ्यायला कोण जाणार? जानेवारीच्या शांत पाण्यावर जुळवलेल्या मॉडेलला जुलैचं भविष्य विचारणं, खरं सांगायचं तर, मला पटत नाही.

[दृश्य: मालाडची खाडी, ओहोटी]

खाडीचं दुखणं वेगळं. मालाडच्या खाडीत सोडलेलं पाणी ओहोटीला बाहेर जातं आणि पुढच्या भरतीला त्यातलं बरंचसं माघारी येतं. इथे डिफ्यूजर कितीही चांगला बसवला, तरी पातळ व्हायला नवं पाणी आणायचं कुठून? मॉडेलने अशा जागी एकच उत्तर द्यावं: शुद्धीकरण आधी, सोडणं नंतर.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. त्यात वरळी, वांद्रे आणि मालाडही आहेत. केंद्रं चालू झाली, की समुद्रात जाणारी घाण घटेल. किती घटली हे दाखवायला मात्र आधीची मोजमापं हाताशी हवीत, आणि तीही बारमाही. त्यासाठी प्रवाहाची आणि खारटपणाची यंत्रं मे महिन्यातच तळाशी नांगरून ठेवावी लागतील आणि ऑक्टोबरात वर काढावी लागतील.