वाचून झाल्यावर जे उरते

उत्तर स्पेनमधील लोयोला येथे बुरुजासारखे एक जुने दगडी घर आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरील एक खोली आज प्रार्थनागृह म्हणून जपलेली आहे. 1521 साली याच खोलीत तिशीच्या आसपासचा एक सैनिक कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता. 20 मे रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला होता. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा बसवावे लागले, आणि तरीही गुडघ्याखाली उंचवटा राहिला, तेव्हा रुबाबदार घट्ट बूट पायात चढणार नाहीत एवढ्याच कारणासाठी त्याने तो करवतीने कापून घेतला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. त्याचे नाव इनिगो; पुढे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचा संस्थापक म्हणून जग त्याला इग्नेशियस लोयोला या नावाने ओळखू लागले.

वेळ जावा म्हणून त्याने शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ते एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचा संग्रह, आणि दुसरे काही नाही म्हणून त्याने ते हाती घेतले. आध्यात्मिक प्रेरणेच्या इतिहासातील एक मोठी घटना अशी नाइलाजाने घडली, ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते, कारण उत्तम वृत्ती घेऊनच संतांकडे जावे लागते असे नाही.

वाचता वाचता त्याचे मन दोन दिशांना धावू लागले. कधी तो एका थोर घराण्यातील स्त्रीची मर्जी संपादन करण्याची, पराक्रम गाजवण्याची स्वप्ने तासन् तास पाहत असे. तर कधी, संत फ्रान्सिस यांनी जे केले तेच मी केले तर, संत डॉमिनिक यांनी जे केले तेच मी केले तर, असा विचार त्याच्या मनात घोळत राही. दोन्ही स्वप्ने तितकीच गोड होती. मात्र एके दिवशी त्याच्या ध्यानात आले की पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि खिन्न होते, आणि दुसरे ओसरल्यावरही त्याची प्रसन्नता मागे रेंगाळत राहते. थोरामोठ्यांची चरित्रे वाचणाऱ्या प्रत्येकाने ही खूण जवळ बाळगावी असे मला मनापासून वाटते, कारण वाचताना अंगावर शहारे आणणारी पुस्तके पुष्कळ असतात. पण पुस्तक मिटल्यावर मनात काय शिल्लक राहिले, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

मग त्याने एक वही केली. या ग्रंथांतले महत्त्वाचे भाग तो सुंदर अक्षरात उतरवू लागला: ख्रिस्ताची वचने तांबड्या शाईने, मेरीमातेची निळ्या. ती वही जवळपास 300 पानांची झाली. मोडका पाय सांभाळत, दोन रंगांच्या शाई जवळ घेऊन, दुसऱ्यांची आयुष्ये ओळीओळीने आपल्या हाताखालून घालवणारा हा माणूस डोळ्यांसमोर आणला की प्रेरणा या फार वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दाला पुन्हा वजन येते.

परंतु कथा इथे संपत नाही, आणि पुढचा भाग अवघड आहे. 1522 मध्ये स्पेनमधीलच मान्रेसा या गावी राहताना त्याने संतांचे बाह्य आचरण जसेच्या तसे उचलले. केस आणि नखे वाढू दिली, कडक उपवास केले, तासन् तास प्रार्थना केली. तरी जुन्या पापांची बोचणी थांबेना, आणि एका टप्प्यावर जीव देण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ लागला. दुसऱ्याच्या आयुष्यातून आपण काय घ्यायचे, हा प्रश्न तिथे त्याच्या जिवाशी आला. फ्रान्सिसने स्वतःहून पत्करलेले दारिद्र्य हा फ्रान्सिसच्या अंतःकरणाचा उद्गार होता. इनिगोने आधी त्याचे वस्त्र पांघरले, अंतःकरण मात्र त्याला स्वतःचेच शोधावे लागले. हळूहळू तो निवळला, केस विंचरू लागला, नखे कापू लागला.

सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी तुकोबांचे अभंग ऐकले आणि प्रत्यक्ष भेटीआधीच त्यांना गुरू मानले. पतीचा विरोध होता, मारही होता. त्यांनी संसार सोडला नाही, तुकोबांसारखे जगण्याचा अट्टहास धरला नाही. स्वतःच्याच कष्टांची कहाणी त्यांनी अभंगांतून सांगितली आणि ती आत्मचरित्र म्हणून आजही वाचली जाते. एका जीवनाने दुसऱ्याला असे बोलते करावे, याहून सुंदर देणे मला ठाऊक नाही.

आणि मदर तेरेसा. 1997 साली त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली. ती नष्ट केली जावीत अशी त्यांची इच्छा होती. जवळजवळ पन्नास वर्षे आपल्याला ईश्वराचे सान्निध्य जाणवत नाही, आत अंधार आहे, असे त्या आपल्या धर्मगुरूंना कळवत होत्या, आणि त्याच काळात त्या मरणासन्नांची सेवा करत होत्या. काहींना या पत्रांनी धक्का बसला. माझ्या मते मात्र प्रार्थनेला बसून काहीच न जाणवणाऱ्या माणसाला त्यांच्या हसऱ्या छायाचित्रांपेक्षा ही पत्रेच अधिक जवळची वाटतील.

आपली अंधारी बाजूही सांगितली तरच आपले आयुष्य दुसऱ्याच्या कामी येते, हे इग्नेशियस यांना उमगले असावे. उतारवयात, 1553 ते 1555 या काळात, सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर त्यांनी आपली हकिकत गोन्साल्विस दा कामारा या तरुण सोबत्याला सांगितली. स्वतःचा उल्लेख ते 'मी' असा करत नसत, 'तो यात्रेकरू' असा करत. घट्ट बूट, वाढलेली नखे, जीव देण्याचा विचार, यांतले काहीही त्यांनी लपवले नाही. सांगताना ते येरझारा घालत, आणि कामारा त्यांचा चेहरा पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा जवळ सरकत असे. तेव्हा ते त्याला वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून न पाहण्याचा नियम पाळण्याची आठवण करून देत, आणि एकदा तो ऐकेना तसे ते सांगणे अर्ध्यावर सोडून निघून गेले.