पलंगाची मोडकी फळी

नमस्कार श्रोतेहो.

घटस्थापनेआधी आपल्या सांगलीत घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात. गादी उन्हात जाते, पलंग उघडा पडतो आणि मग दिसतं, मधली फळी मोडलीय. लगेच घरात कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, आता नवीन दिवाणच घेऊ." माझं कळकळीचं सांगणं आहे, जरा थांबा. सागवानी चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. एका फळीपायी ती घराबाहेर काढू नका.

आधी मोडकी फळी हातात घेऊन बघा. मोडल्या जागी लांब कुसळं निघाली असतील तर लाकूड चांगलं होतं, भार जास्त झाला. गाजरासारखी कट्‌कन तुटली असेल तर तिथं बहुधा गाठ सापडेल, नाहीतर लाकडाची रेघ तिरकी गेलेली असेल. पिठासारखा भुसा गळत असेल तर कीड लागलीय. मग बाकीच्या फळ्या आणि चौकटही ठोकून बघायला हवी. कधी कधी फळी धड असते, तिला आधार देणारी आतली पट्टीच सुटलेली असते. तेव्हा दोन-चार स्क्रूंत काम भागतं.

२०१९च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. आजीच्या पलंगाची सागवानी चौकट आम्ही सावलीत सावकाश वाळवली, ती आजही उभी आहे. भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या फळ्या मात्र फुगल्या त्या फुगल्याच. तेव्हापासून बदली फळी मी अखंड लाकडाचीच घेते, तीही वाळलेली.

फळी लांबीत नुसती चिरली असेल तर सुतारकामाचा पांढरा गोंद चिरेत मुरवा. लाकूड दाबून धरायचा शिकंजा नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून आवळा आणि दिवसभर हात लावू नका. पण आडवी तुटलेली फळी नुसत्या गोंदानं जोडायच्या फंदात पडू नका. तुटक्या टोकांना गोंद भार पेलण्याइतका धरत नाही.

आता नवीन फळी. वखारीत लोक रुंद फळी बघून हरखतात. घरातली शाळेची फूटपट्टी घ्या, आडवी धरून वाकवा, सहज वाकेल. तीच कडेवर उभी धरून वाकवून बघा! फळीची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. जाडी दुप्पट केली तर ताकद चौपट होते आणि वाकणं आठव्या हिश्शावर येतं. म्हणून पैसे जाडीला द्या. एकेरी पलंगाला तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड फळी घ्या, आणि दोन फळ्यांत दोन-तीन इंचांहून जास्त फट ठेवू नका. पाच-सहा फुटी डबल बेडला मधोमध दांडा आणि त्याखाली पाय हवाच. आधारांमधलं अंतर निम्मं झालं की तेवढ्याच वजनाखाली फळी आठपट कमी वाकते.

माप जुन्या फळीवरून नको, चौकटीच्या आतून, जिथं फळी बसणार तिथंच घ्या. जुनी चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहिलेली नसते. मापापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी कापा. दोन्ही टोकं आधारपट्टीवर पाऊण इंच तरी टेकली पाहिजेत. खिळ्यानं वाळक्या फळीचं टोक फाटतं. आधी बारीक भोक पाडा, मग स्क्रू.

वखार बंद आहे आणि रात्री झोपायचंय? पायाकडची चांगली फळी काढून कमरेखाली घाला. सगळ्यात जास्त भार तिथंच येतो. पायाकडची जागा चार दिवस रिकामी राहिली तरी चालतं.

आणि एक, पावसाळी हवेत बसवलेली फळी पुढं सुकून आखडते, स्क्रू ढिले होतात. दिवाळीच्या फराळाला बसण्याआधी गादी उचला आणि एकेक स्क्रू पुन्हा आवळून घ्या.

नमस्कार.