कागद मागायला कोण जाणार?

(दृश्य : रावपुरा, बडोदा. टॉवरखालून वाहणारी सकाळची गर्दी.)

बडोद्यात बायकांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वास्तूंना तोटा नाही. रावपुऱ्यातला हा टॉवर चिमणाबाईंच्या नावाचा, १८९६ सालचा. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय, तेही चिमणाबाईंच्याच नावाचं. गंमत अशी, की या दोन चिमणाबाई एक नव्हेत.

टॉवर ज्यांच्या स्मरणार्थ बांधला, त्या मूळच्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. १८८० साली सयाजीरावांशी लग्न झालं आणि १८८५ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई लग्न होऊन या शहरात आल्या. त्यांचंही नाव चिमणाबाई ठेवलं गेलं. उद्योगालय या दुसऱ्या चिमणाबाईंचं. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षाही याच.

राण्यांची ही गत. मग दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात लग्न होऊन आलेल्या मुलीचं काय? ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, की माहेरची कमल सासरची सुधा झाली. पत्रावर ती ‘सौ. वहिनींस’, दागिन्यांच्या यादीत ‘धाकटी सून’, शाळेच्या दाखल्यावर मात्र अजून कमल. हे सगळे कागद एका बाईचे आहेत, हे पन्नास वर्षांनी कोणाला कळणार?

कळायला हवं असेल, तर ते कुणाचं तरी रोजचं काम असावं लागतं.

(दृश्य : महाराजा सयाजीराव विद्यापीठ. हंसा मेहता ग्रंथालयाचा दर्शनी भाग.)

विद्यापीठात केवळ स्त्रियांच्या इतिहासासाठी एक अभिलेखागार, म्हणजे जुने कागद जपून ठेवण्याची जागा, असावं आणि त्याला पूर्ण वेळेची प्रमुख असावी, ही कल्पना ऐकायला छान वाटते. पण ती प्रमुख दिवसभर करणार काय? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर किल्ल्यांचा जुडगा आणि धुळीची कपाटं येतात. आमच्या मते ते काम सगळ्यात शेवटचं. आधी कागद यावे लागतात. आणि बायकांचे कागद आपल्या पायांनी चालत येत नाहीत.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं उदाहरण घेऊ. तिथल्या लुईस नून या बाई आयोवातल्या स्त्री-मताधिकाराच्या चळवळीचा इतिहास लिहायला बसल्या, तेव्हा साधनं शोधता शोधता त्यांची दमछाक झाली. पुढे राजकारणात वावरणाऱ्या मेरी लुईस स्मिथ यांच्या सोबतीनं त्यांनी ठरवलं, की राज्यातल्या बायकांचे कागद ठेवायला विद्यापीठातच जागा करायची. पैसा कुठून आणायचा? नूनबाईंच्या संग्रहात मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिनं रंगवलेलं मोकळ्या केसांचं आत्मचित्र होतं. १९९१ साली ते लिलावात साडेसोळा लाख डॉलरना विकलं गेलं. ती रक्कम कायमनिधीत, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर काम चालवायच्या ठेवीत, गेली आणि १९९२ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘आयोवा विमेन्स आर्काइव्ह्ज’ सुरू झालं.

आपल्याकडे भिंतीवर फ्रिडा काहलो नसते. रविवर्मा असतो, पण छापील. तरी गोष्टीतला खरा मुद्दा चित्राचा नाही, कायमनिधीचा आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पावर अभिलेखागार चालत नाही. प्रकल्प संपतो, मदतनीस मुली दुसरीकडे जातात, आणि खोके मात्र जिथले तिथे राहतात. किल्ली कुणाकडे आहे हेही विचारत फिरावं लागतं.

आयोवातली दुसरी गोष्ट पैशांहून महत्त्वाची. पहिल्यांदा कागद आले ते संस्थांमध्ये वावरणाऱ्या, ओळखीपाळखीच्या बायकांचे. नंतर तिथल्या लोकांनी मुद्दाम कृष्णवर्णीय बायकांकडे जायचं ठरवलं. पुढे मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतल्या बायकांकडे गेले. घरोघर बसून मुलाखती घेतल्या, फोटो मागितले. म्हणजे प्रमुखबाईचं काम दार उघडून बसण्याचं नाही, दुसऱ्याचं दार वाजवण्याचं.

(दृश्य : दांडिया बाजार. लाकडी जिना, वरची खोली, पत्र्याची ट्रंक.)

ट्रंक उघडली, की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. वर एक पैठणी, घडीवर फाटलेली. खाली पोस्टकार्डांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा, रुखवताच्या वस्तूंची यादी, आणि तळाशी घरखर्चाच्या वह्या. घरच्या आजी म्हणतात, “अगं, त्यात काय बघायचंय? रविवारी पस्तीवाल्याला बोलावलंय.” (पस्ती म्हणजे रद्दी.)

या वाक्याला उत्तर देता येणं हीच या नोकरीची खरी परीक्षा. कारण आजींना खरंच वाटतं, की वही म्हणजे हिशोब आणि इतिहास म्हणजे दिवाण, सरदार, राजवाडा. वहीचं एक पान बघा. दूध, रॉकेल, भांडीवालीचा पगार, भिशीचा हप्ता, हळदीकुंकवाच्या वाणाला लागलेले पैसे. मध्येच एका ओळीत मुलीच्या टायपिंगच्या क्लासची फी. ती पुढच्या महिन्यांतही लिहिलेली दिसते, आणि मग एकदम थांबते. का थांबली? लग्न ठरलं, की पैसे पुरेनात, की सासरकडून निरोप आला? इतिहासाचा प्रश्न तयार झाला. उत्तर कदाचित त्याच गठ्ठ्यातल्या पोस्टकार्डात असेल.

म्हणून गठ्ठा सोडून पत्रं तारखेनं लावायची घाई करायची नाही. बाईनं ज्या क्रमानं ठेवली तो क्रमच एक माहिती असतो. नणंदेची पत्रं आईच्या पत्रांत का बांधली, हे तिला माहीत होतं. सुतळी सोडण्याआधी फोटो काढायचा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढायच्या, नोंद करायची ती पेन्सिलीनं. फाटलेल्या जागी सेलोटेप लावणाऱ्याला तर खोलीत येऊच देऊ नये, मग तो कितीही मोठा प्राध्यापक असो. चिकटा कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन जातो.

(दृश्य : विश्वामित्री नदीचा पूल.)

आणि वेळ फार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. तळमजल्यांवरचं फर्निचर, गाद्या, फ्रिज लोकांनी रस्त्यावर काढून ठेवले. भिजलेल्या कागदांकडे कोण बघतो? दोनएक दिवसांत कागदावर बुरशी धरते. आपल्याकडे पटकन सुचतं ते गच्चीत उन्हात वाळत घालणं. त्यानं कागद वाकडा होतो, शाई उडते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवावं लागतं, आणि गठ्ठे फारच असतील तर चक्क फ्रीझरमध्ये ठेवून वेळ मिळवायचा. पावसाळ्याआधी वाड्यावाड्यांतून हे सांगत फिरणं हेही प्रमुखबाईच्याच कामात धरावं. विद्यापीठ त्याला ‘विस्तारकार्य’ म्हणेल. म्हणू दे.

आता थोडं कटू बोलू. आपण मराठी माणसं या शहरात गायकवाडांबरोबर आलो, वाढलो. असं अभिलेखागार उघडलं, तर पहिल्या ट्रंका आपल्याच वाड्यांतून येतील. सरदारांच्या, कारकुनांच्या, मास्तरांच्या घरातून. त्यावर समाधान मानलं, तर ते स्त्रियांचं अभिलेखागार न होता चार आळ्यांची वंशावळ होईल.

दुसऱ्या बाजूची एक नोंद पाहा. पहिल्या चिमणाबाई तंजावरहून आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर गौरा आणि कांतिमती या नर्तकी बडोद्यात आल्या. संस्थानात गायक, वादक, नर्तकींसाठी ‘कलावंत कारखाना’ नावाचं खातंच होतं, त्याला नियम होते, पगार होते. खानदानी घरातल्या बाईचं नाव कागदावर येत नसे, कारण ते बाहेर जाऊ द्यायचं नसे. नर्तकीचं नाव येत असे, कारण तिला पगार द्यायचा असे. ज्या बायकांना समाजानं आपल्या पंगतीला बसवलं नाही, त्यांची नावं सरकारी दप्तरातून सापडतात. हे ज्या प्रमुखबाईला आधीच ठाऊक असेल, ती शोध वाड्यापासून सुरू करणार नाही. पगारपत्रकापासून करील.

शाळेचंही तसंच. १९०६ मध्ये सयाजीरावांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड. एखाद्या गावच्या दंडाच्या नोंदी टिकल्या असतील, तर त्यात न शिकलेल्या मुलींचा इतिहास आहे. त्यांनी स्वतः लिहिलेला कागद कुठेच मिळणार नाही.

(दृश्य : ग्रंथालयातलं हंसा मेहतांचं नाव.)

हंसा मेहता १९४९ पासून १९५८ पर्यंत या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू होत्या. देशात मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाची कुलगुरू झालेली ही पहिली स्त्री. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती. ती बदलून ‘सर्व माणसं’ व्हावी म्हणून संयुक्त राष्ट्रांत त्या अडून बसल्या. त्यांचे खासगी कागद दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात आहेत. त्याबद्दल गळे काढायचं कारण नाही, ते तिथे नीट आहेत. पण त्यांच्या काळात इथे होम सायन्सची शाखा निघाली. तिथे शिकायला आलेल्या पहिल्या मुलींचे अर्ज, हॉस्टेलसाठी वडिलांनी लिहिलेली पत्रं, प्रयोगाच्या वह्या यांना दिल्ली विचारणार नाही. ते बडोद्यात राहतील, नाहीतर कुठेच राहणार नाहीत.

(दृश्य : कागदावर सही करणारा वृद्ध हात.)

सगळ्यात अवघड भाग कपाटाचा नाही, सहीचा आहे. बडोदा संस्थानात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला. साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडलं. म्हणजे या शहरातल्या काही घरांत आजीच्या घटस्फोटाचे कागद असू शकतात. नात ते घेऊन येते, अभिमानानं. दुसऱ्या दिवशी तिचा चुलतभाऊ फोन करतो, “ताई, ते परत द्या, आमच्या घरची लग्नं व्हायचीत अजून.” दोघांचंही म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कागद फाडायचा नाही, परतही द्यायचा नाही. दानपत्रात लिहून अमुक वर्षं पाकीट बंद ठेवायचं. आणि त्या कागदात नाव असलेल्या मोलकरणीचं काय, शेजारणीचं काय? त्यांनी तर कुठेच सही केलेली नाही. त्यांच्या वतीनं विचार करणारं खोलीत दुसरं कोणी नसतं.

मुलाखतींचं वेगळंच. आजी बोलायला लागल्या, की मुलगा मध्ये पडतो, “आईला म्हणायचंय की...” अशा वेळी त्याला चहा करायला पाठवावं. आजींचं मराठी गुजरातीमिश्रित असेल, तर ते तसंच उतरवून घ्यावं. ‘शुद्ध’ केलं, तर बडोदं निघून जाईल आणि कुठल्याही गावच्या आजी उरतील.

अशा पदाची जाहिरात निघालीच, तर पात्रतेत इतिहासाची पदवी आणि ग्रंथालयशास्त्राची पदविका लिहिली जाईलच. त्याखाली आमच्या दोन-तीन अटी घालाव्यात. मोडी वाचता यावी. गुजराती घरात गुजरातीत गप्पा मारता याव्यात. नकार ऐकून पुढच्या महिन्यात पुन्हा जाण्याइतका निगरगट्टपणा असावा. आणि गुडघे धड असावेत, कारण पुरातून वाचलेल्या ट्रंका वरच्या मजल्यांवर आहेत, आणि दांडिया बाजारातले जिने फार उभे आहेत.