दिवाळं निघालं तरी केस जिवंत

शुक्रवार, 14 सप्टेंबर 2007. सोमवारी अमेरिकेतल्या युटाच्या कोर्टात एससीओ ग्रुप आणि नोव्हेल या दोन सॉफ्टवेअर कंपन्या समोरासमोर येणार होत्या, आणि त्याच शुक्रवारी एससीओने डेलावेअरच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला, चॅप्टर 11 खाली, म्हणजे धंदा चालू ठेवून देण्यांची घडी बसवायची. झालं, सोमवारची सुनावणी तिथेच अडली.

हीच ती एससीओ, जिने 2003 मध्ये आयबीएमवर केस ठोकली होती की आमच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड तुम्ही लिनक्स या खुल्या, फुकट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये घातलात. आधी 1 अब्ज डॉलर मागितले, मग आकडा 5 अब्जांवर नेला, वर लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांनाही सांगितलं की एका प्रोसेसरमागे 699 डॉलर भरा. लिनक्स म्हणजे जगभरच्या प्रोग्रामर लोकांनी मिळून उभं केलेलं काम, आणि त्यावर सरळ चोरीचा शिक्का! राग येणारच ना.

पण 10 ऑगस्ट 2007 ला जजने निकाल दिला की युनिक्सचे कॉपीराइट नोव्हेलकडेच आहेत, कारण 1995 मध्ये नोव्हेलने युनिक्सचा धंदा विकला त्या करारात ते वगळले होते. सन आणि मायक्रोसॉफ्टकडून एससीओने जे लायसन्सचे पैसे घेतले त्यातले नोव्हेलचे किती, हे त्या सोमवारपासून ठरणार होतं.

आता कायदा बघा. अमेरिकेत असा अर्ज पडला की कंपनीवर झालेल्या केसेसना आपोआप स्टे, म्हणजे स्थगिती मिळते, पण कंपनीने दुसऱ्यावर केलेली केस ही तिची मालमत्ता धरतात, ऑफिसातल्या फर्निचरसारखी. ती लढायची, मिटवायची की सोडायची हे पुढे दिवाळखोरी कोर्टाच्या नजरेखाली ठरतं. नोव्हेलची पैशांची मागणी एससीओविरुद्धची, म्हणून नोव्हेलला आधी तिथे जाऊन स्टे उठवून घ्यावा लागला, तेव्हा कुठे 2008 मध्ये ठरलं की एससीओ नोव्हेलला साधारण 25 लाख डॉलर देणं लागते.

2009 मध्ये दिवाळखोरी कोर्टाने एससीओचा कारभार बघायला ट्रस्टी नेमला, एक माजी फेडरल जज. तो हे सगळं आवरतं घेईल असं वाटलं होतं, पण त्याचं काम घेणेकऱ्यांसाठी जमेल तेवढी रक्कम उभी करणं, आणि 5 अब्जांचा दावा कोण सहज सोडेल? 2010 मध्ये ज्युरीनेही कॉपीराइट नोव्हेलचेच म्हटलं, तरी कराराच्या मुद्द्यांवर आयबीएमवरची केस उरलीच. 2011 मध्ये युनिक्सचा धंदा विकला, केस मात्र मागे ठेवली, 2012 मध्ये चॅप्टर 7, म्हणजे कंपनी मोडीतच. विकायला सॉफ्टवेअर नाही, धंदा नाही, आणि तरी आयबीएमचे वकील कोर्टात उभे!

माझ्या मते लिनक्सवाल्यांना खरा त्रास झाला तो ह्या लांबणीचा. केस मिटली ती थेट 2021 मध्ये, आयबीएमने 1 कोटी 42 लाख 50 हजार डॉलर देऊन, आणि त्या बदल्यात ट्रस्टीने उरलेले सगळे दावे सोडून दिले.