स्कूनर, मिडी, पॉट : ऑस्ट्रेलियातील बिअरची मापे आणि त्यांची नावे

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रेलियात मेट्रिक पद्धत आणणारा कायदा १९७० साली संमत झाला आणि त्या दशकात तिथल्या पबमधील बिअरचे ग्लास औंसांतून मिलिलिटरमध्ये आले. हे करताना ग्लासचा आकार जवळजवळ हललाच नाही. दहा औंसांचा ग्लास हिशेबाने २८४ मिलिलिटरचा भरत असे, तो २८५ चा ठरला. पंधरा औंसांचा ४२६ वरून ४२५ वर आला आणि वीस औंसांचा पाइंट ५६८ चा ५७० झाला. घोटभराचाही फरक न पडल्यामुळे गिऱ्हाइकांनी जुनी नावे सोडण्याचे काही कारणच उरले नाही. आपल्या मंडईत आजही पावशेर भेंडी मागितली की २५० ग्रॅम तोलून मिळतात, आणि जुना पावशेर साधारण २३३ ग्रॅमांचा होता हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. तिथेही असेच झाले.

खरी गंमत राज्याराज्यांत आहे. २८५ मिलिलिटरच्या ग्लासला सिडनीत आणि पर्थमध्ये ‘मिडी’ म्हणतात, मेलबर्न आणि ब्रिस्बेनमध्ये ‘पॉट’, तर डार्विनकडे ‘हँडल’. ४२५ चा ग्लास बहुतेक ठिकाणी ‘स्कूनर’ असतो. पण ॲडलेडमध्ये स्कूनर मागितला तर २८५ मिळतात, पाइंट मागितला तर ४२५, आणि पूर्ण ५७० हवे असतील तर ‘इम्पीरियल पाइंट’ असे स्पष्ट सांगावे लागते. पुण्या-मुंबईच्या बारमध्ये पाइंट म्हणजे ३३० मिलिलिटरची छोटी बाटली, हेही इथे लक्षात घ्यावे. पुण्याहून शिकायला गेलेल्या मुलाने तोच एक शब्द पुण्यात, ॲडलेडमध्ये आणि मेलबर्नमध्ये उच्चारला, तर त्याच्यापुढे तीन वेगवेगळी मापे येतील.

हा फरक केवळ बोलण्यापुरता नाही. ऑस्ट्रेलियात मित्रांच्या टोळक्यात प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांचे पैसे भरण्याची रीत आहे, तिला ‘शाउट’ म्हणतात. आपली पाळी टाळणाऱ्याकडे चांगल्या नजरेने पाहिले जात नाही, त्यामुळे चौघे बसले की चार फेऱ्या ठरलेल्याच. ग्लास पॉटचा असेल तर चार फेऱ्यांत प्रत्येकाच्या पोटात १,१४० मिलिलिटर बिअर जाते. ग्लास ५७० च्या पाइंटचा असेल तर २,२८०. तिथे दहा ग्रॅम मद्यार्काला एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ मानतात. ४.९ टक्क्यांच्या बिअरचा पॉट सुमारे १.१ ड्रिंकचा भरतो आणि पाइंट २.२ चा. पूर्ण परवाना असलेल्या चालकासाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि शिकाऊ चालकासाठी शून्य, म्हणून आपण नेमके किती प्यायलो हे ग्लासच्या नावावरून कळले नाही, तर परिणाम गंभीर होऊ शकतो.

अलीकडे मोठ्या ग्लासांकडे ओढा वाढला आहे. मेलबर्नमध्ये २०० मिलिलिटरचा ग्लास, ज्याला तिथे नुसते ‘ग्लास’च म्हणत, आता क्वचित दिसतो, आणि पूर्वी पॉटवर भागवणाऱ्या पबांत स्कूनर रुळला आहे. उन्हाळ्यात छोटा ग्लास संपेपर्यंत बिअर थंड राहते, या जुन्या सोयीची आठवण मला इथे महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये मात्र पाइंटपेक्षा लहान माप हवे म्हणून २०११ साली दोन तृतीयांश पाइंट, म्हणजे सुमारे ३७९ मिलिलिटर, विकायला परवानगी मिळाली, आणि त्या ग्लासलाही ‘स्कूनर’ हेच नाव चिकटले. त्या एका नावाची अशी तिसरी मात्रा झाली.

ही नावे सरकारने एकसारखी करावीत असे मला मुळीच वाटत नाही, कारण ‘मिडी’ आणि ‘पॉट’ यांतून माणूस कुठला आहे ते कळते. पण दरफलकावर प्रत्येक नावापुढे मिलिलिटरचा आकडा ठळक छापलेला असावा, आणि तो नसेल तर परक्या शहरात आलेल्या गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी बिनदिक्कत विचारावे, की हा ग्लास किती मिलिलिटरचा आहे.