ट्रान्सपोर्टेशन इंजिनीअर नेमकं करतंय काय? ऊस, ट्रॉली आणि बैलगाडीचे ८ मार्क

नमस्कार मंडळी! मी ट्रान्सपोर्टेशन इंजिनीअर आहे म्हटलं की आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत पहिला प्रश्न, मग लायसन लवकर काढून देशील काय? नाही ओ, ते आरटीओ. आमचं काम म्हणजे रस्ता किती रुंद पाहिजे, सिग्नल किती सेकंदाचा, डांबराचा थर किती जाड हे ठरवायचं, आणि त्यासाठी आधी गाड्या मोजायच्या. रस्त्याकडेला छत्रीखाली पोरं पॅडवर रेघा मारत बसलेली बघितला असाल, नाहीतर खांबाला कॅमेरा बांधलेला, तोच आमचा काउंट.

पण नुसत्या गाड्या मोजून भागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आपल्या काँग्रेस रोडवाली पार्टी नव्हे, १९३४ साली निघालेली, रस्त्यांचे कोड म्हणजे नियमावल्या काढणारी, तिचा हिशेब असा की गावाबाहेरच्या रस्त्यावर कार १ धरली तर बाइक अर्धी, ट्रक ३, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी तब्बल ८! ह्याला पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट म्हणतात. बैलगाडीला ८ का, तर तिच्यामागं अख्खी लाइन तुंबते आणि ओव्हरटेक मारायला समोरून गॅप मिळत नाही. आपल्याकडं तर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्याला साडेचारच धरायचं हे मला तरी पटत नाही.

आता मुद्दा बघा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर साइडला जुलैत काउंट घेतला तर रस्ता कसा मोकळा दिसतोय, आणि तोच रस्ता डिसेंबरात, गाळप चालू असताना, कारखान्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग. म्हणून १९७२ च्या कोडातच लिहिलंय, वर्षातून दोनदा मोजा, एकदा सुगीत, एकदा मंदीत, दरवेळी सलग ७ दिवस. प्रोजेक्टच्या घाईत एकदाच उरकतात आणि मग पेट्रोल पंपावरचे महिन्यावार डिझेलविक्रीचे आकडे घेऊन सीझनचं करेक्शन लावतात. चालतंय, पण ऊस डोळ्यानं मोजलेला बरा.

कारण डांबराची जाडी त्या मोजणीवरच ठरते की. एक्सलवरचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा लोड दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, जवळजवळ १६ पट होतं. अमेरिकेत १९५८ ते ६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दोन वर्षं ट्रक पळवले, त्यातनं हे निघालं. त्यामुळं बाइका कितीही फिरूदेत, डांबराला ढिम्म काही होत नाही, भरलेल्या गाड्यांचं मात्र प्रत्येक एक्सल धरावं लागतं.

शिकायचं असेल तर आधी सिव्हिल, मग ह्यातच एम.टेक. पहिली दोन-तीन वर्षं उन्हात जातात, आधीच सांगतो.

आणि तुमच्या गावच्या रस्त्याचा डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, हाताला लागला तर ट्रॅफिक सर्व्हेची तारीख शोधा. जून-जुलै दिसली तर सरळ विचारा, साहेब, उसाच्या ट्रॉल्या कुठल्या कॉलममध्ये धरलासा?