हा पिस्टन बसेल का?

रविवारची सकाळ. पुण्याचा जुना बाजार. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर पाने, पुल्या, झिजलेली बेअरिंगं, आणि त्यातच एक पिस्टन. शिरूरकडून आलेले मिस्त्री तो उचलतात, फडक्यानं पुसतात, खिशातून मापाची पट्टी, व्हर्निअर, काढतात. भाव नंतर. आधी माप.

९५ मिलिमीटरला किंचित कमी. म्हणजे ९५ च्या बोअरचा, सिलिंडरच्या आतला व्यास ९५ असलेल्या इंजिनाचा. मिस्त्रींचा चेहरा खुलतो, कारण गावात त्यांच्याकडे एक एचएमटी ट्रॅक्टर उघडून पडलाय आणि पेरणी तोंडावर आलीये.

या ९५ ची गोष्ट सुरू होते चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात. तिथं झेटर कंपनीनं ट्रॅक्टरचं एक अख्खं घराणंच आखलं. २०११ या मॉडेलला दोन सिलिंडर, ३०११ ला तीन, ४०११ ला चार. पण बोअर सगळ्यांचा ९५, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ११० मिलिमीटर. ताकद वाढवायची तर सिलिंडर वाढवायचा, त्याचं माप नाही. त्यामुळे या भावंडांत पिस्टन, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), कनेक्टिंग रॉड एकमेकांचे चालावेत अशीच ती रचना. क्रँक, कॅमशाफ्ट, ब्लॉक, डिझेल पंप मात्र ज्याचे त्याचे. शेतकऱ्याचा इतका विचार केलेली आखणी मला फार मोलाची वाटते.

याच घराण्यातले ट्रॅक्टर १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीनं बनवले. २०१६ मध्ये तो विभाग बंद करायचं ठरलं. कारखान्याचं दार लागलं, पण कूळ मोठं आहे. सुटा भाग अजून सापडतो.

मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरवाल्यांना जास्त जपावं लागतं. तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन, बोअर ३.६ इंच. त्याआधीचं पर्किन्सचं पी-३ सुद्धा तीन सिलिंडरचंच, स्ट्रोकही तोच, ५ इंच. बोअर मात्र ३.५. नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. पण पी-३ ची रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीचं तोंड उघडं असलेलं कडं, ३.६ च्या बोअरमध्ये घातली, तर तिच्या तोंडाशी आठ मिलिमीटरची जास्तीची फट राहते. कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, धरणार कसं?

आणि बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला, असंही नाही. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनपासून माथ्यापर्यंतची उंची बघावी लागते. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेडपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या झाकणापर्यंत, जागा उरते जेमतेम मिलिमीटरभर. पिस्टन उंच निघाला तर हेडवर आदळेल, बुटका निघाला तर गाडी थंडीत सुरूच होणार नाही.

म्हणून गावी परतल्यावर मिस्त्री पिस्टनच्या माथ्यावर शिशाची तार ठेवतात. गॅस्केट घालून हेड आवळतात. इंजिन हातानं एक फेरा फिरवतात, आणि हेड पुन्हा उतरवतात. तार चपटी झालीये. जेवढी तिची जाडी, तेवढी आतली जागा.

मायक्रोमीटर लागतो. शेजारी तेलकट झालेलं मॅन्युअल उघडं आहे. मिस्त्री एकदा आकड्याकडे बघतात, एकदा तारेकडे. मग पाना हातात घेतात.